अवसेची सही

माझं अक्षर चांगलं होतं. आयुष्यात दुसरं काही चांगलं केलं असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, पण अक्षर चांगलं होतं, आणि त्या अक्षरावर मी गिरगावात एका वकिलाकडे कारकून म्हणून लागलो. त्यांच्याकडे असतानाच त्यांचं नाव झालं. पुढे ते म्युनिसिपालटीत गेले, मग कायदेकौन्सिलात गेले, त्यांच्या गळ्यात हार पडले. त्यांच्याबद्दल सांगायला बसलो की लोक हारांचं ऐकायला बसतात. मला मात्र एका मंगळवारचं सांगायचं आहे. त्या मंगळवाराबद्दल मी गप्प बसलो होतो.

साहेब मूळचे तंजावराकडचे, तमिळ ब्राह्मण. गिरगावात तेव्हा अशा माणसाला सरसकट मद्रासी म्हणत, आणि तेवढं म्हटलं की त्याची सगळी माहिती झाली असं समजत. ते मुंबईत आले ते रेल्वेच्या कचेरीत नोकरीला. दिवसा नोकरी, बाकीच्या वेळात कायद्याचा अभ्यास, असं करून त्यांनी सनद मिळवली आणि नोकरीला रामराम ठोकला. बायको पहिल्याच बाळंतपणात गेलेली होती. पुन्हा लग्न केलं नाही. वडील वारल्यावर आईला गावाहून आणलं आणि आमच्याच चाळीशेजारच्या चाळीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. पुढच्या खोलीत वकिली, मागच्या खोलीत आई.

मराठी ते कोर्टात शिकले. जबान्या, समन्स, दुभाष्यांनी केलेली भाषांतरं, हीच त्यांची क्रमिक पुस्तकं. त्यामुळे व्याकरण आमच्यापेक्षा शुद्ध, पण भाजीवालीशी बोलतानाही ते 'सदरहू वांगी' म्हणत. भाजीवाली हसायची आणि एक वांगं जास्त घालायची. ती का हसते हे त्यांना बरेच दिवस कळलं नाही. कळल्यावरही त्यांनी बदल केला नाही. म्हणाले, "वांगं मिळतं आहे ना?"

माणूस शिस्तीचा. कागदाला पडलेली घडी त्यांना खपत नसे. सहीसाठी कुणी यायचं असलं की जितकी माणसं तितके टाक टेबलावर मांडून ठेवायचे, प्रत्येकाच्या पुढ्यात एक, नीब पुसलेलं, दौत भरलेली. "सहीला आलेला माणूस दुसऱ्याच्या टाकाची वाट बघत बसला, की त्याला विचार करायला वेळ मिळतो, आणि विचार करणारा माणूस सही करत नाही," असं ते म्हणत. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं आणि पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.

त्यांच्या आईला मी अम्मा म्हणे, कारण साहेब म्हणत. अम्मांना मराठी येत नव्हतं आणि मला तमिळ. तरी रोज सकाळी त्या मला पितळी भांड्यातून कॉफी देत. ते कडू पेय मला आवडत नसे, पण परतही देता येत नसे, कारण साहेबांनी आयुष्यात ज्या एका माणसापुढे मान तुकवली ती ही बाई. साहेबांचा देवाधर्मावर विश्वास नव्हता. जानवं होतं, पण ते अम्मांसाठी. आणि दिवस अम्मा ठरवायच्या. नवीन काम कुठल्या दिवशी सुरू करायचं हे त्या आपल्या पंचांगात बघून सांगत आणि साहेब मुकाट ऐकत. त्यांची सनद, नोकरीचा राजीनामा, या खोल्यांत पाऊल टाकणं, सगळं अम्मांच्या दिवसावर झालेलं होतं. आणि सगळं सुरळीत पार पडलं होतं, त्यामुळे बोलायची सोयच नव्हती.

आता माझ्या मामांबद्दल. आम्ही मूळचे कोकणातले. मामा लहानपणी गलबतातून मुंबईला आले, गिरणीत लागले, जॉबर म्हणजे मुकादम झाले, आणि लालबागला एका गल्लीत त्यांनी चार खोल्यांचं स्वतःचं घर बांधलं. गिरणी सोडली तरी गल्लीत त्यांचा शब्द चाले. त्या गल्लीत पाण्याचा नळ नव्हता. मोठा नळ हमरस्त्यानं गेलेला, गल्लीच्या तोंडापासून दोनशे पावलांवर, पण आत काही वळत नव्हता. आत एक विहीर. तिच्यावर धुणं व्हायचं आणि तिचंच पाणी प्यायचं. उन्हाळ्यात पटकीची साथ आली की पहिलं माणूस त्या गल्लीतलं जायचं.

मामांना साहेबांकडे मीच नेलं. साहेबांनी गल्लीच्या वतीनं म्युनिसिपालटीकडे दोनदा अर्ज केले, दोन्ही वेळा नकार आला. तेव्हा मामाच म्हणाले, "सायबानू, अर्ज करून काय उपेग नाय. थंय बसणारो माणूस आपलो होयो." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी शुद्ध मराठीत सांगितलं, की अर्ज करून उपयोग नाही, तिथे बसणारा माणूस आपला हवा. साहेबांनी नकाराचे दोन्ही कागद एकावर एक नीट ठेवले. मग म्हणाले, "सदरहू माणूस मी असलो तर?"

त्या काळी म्युनिसिपालटीच्या निवडणुकीत मत फक्त घरपट्टी भरणाऱ्याला असे. त्या विभागात परळपासून भायखळ्यापर्यंत घरं असलेले एक शेटजी उभे राहणार होते. त्यांच्यापुढे हा मद्रासी वकील म्हणजे लोकांना थट्टाच वाटली. पण साहेब चार महिने लालबाग-परळ पायी फिरले. ओट्यावर बसले, लोकांचं ऐकलं, टिपून घेतलं. हळूहळू लोक थट्टा करेनासे झाले. उमेदवारीच्या कागदावर त्याच विभागातल्या दोन मतदारांच्या सह्या लागत होत्या, एक सूचक, एक अनुमोदक. सूचक मामा. अनुमोदक त्यांच्या शेजारच्या गल्लीतले, धान्याचं दुकान असलेले एक भुसारी. दोघांनी आमच्या खोलीत येऊन सह्या करायच्या आणि कागद संध्याकाळी पाचच्या आत पोचता करायचा, असं ठरलं.

याच सुमाराला एक गोष्ट घडली. हद्दीच्या भिंतीचं एक प्रकरण चालू होतं. दोन पक्षकार समोर बसले होते, त्यांतला एक आमच्याच चाळीतला. मी कागद लिहिता लिहिता बोलून गेलो, की साहेब, यापेक्षा दोघांनी आपसात मिटवलं तर बरं. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी तुम्हाला अक्षरासाठी ठेवलं आहे. सल्ल्यासाठी नाही." पक्षकार हसले. आमच्या चाळीतला जरा जास्तच हसला.

हे मी घरी बायकोला सांगितलं नाही. यावरून ते मला किती लागलं होतं हे समजावं. मी रागीट माणूस नाही, पण अपमान विसरायचं काम माझ्याकडून कधी झालं नाही.

त्यानंतर आठवड्याभरात साहेबांनी मला सांगितलं, "दोघांना मंगळवारी अकरा वाजता बोलवा. अम्मानं दिवस काढून दिला आहे." मंगळवार ही कागद द्यायची शेवटची तारीख होती. आणि मंगळवारी अवस होती.

तमिळ लोकांत अवस चांगली मानतात हे मला आधीच कळलं होतं. त्या दिवशी पितर तृप्त होतात आणि पितरांचा आशीर्वाद घेऊन सुरू केलेलं काम फळतं, अशी त्यांची समजूत. साहेबांची सनदही अवसेचीच. आमच्याकडे अवसेला कुणी नवं धोतरसुद्धा नेसत नाही. तिन्हीसांजेला बायका पोरांच्या अंगावरून मीठमिरची ओवाळतात, चव्हाट्यावर उतारे पडतात, आणि ते ओलांडायला नकोत म्हणून माणसं वळसा घालून जातात. अवसेला नव्या कामाच्या कागदावर सही करणारा माणूस लालबागेत शोधून सापडला नसता. हे मला माहीत होतं. साहेबांना माहीत नव्हतं, आणि अम्मांना तर स्वप्नातही आलं नसतं.

एक वाक्य बोलायचं होतं. 'साहेब, आदल्या दिवशी सह्या घेऊ,' एवढंच. मी तोंड उघडलंही होतं. मग ते दोन हसणारे पक्षकार डोळ्यांपुढे आले. मी म्हटलं, "बरं, साहेब."

रविवारी लालबागला जाऊन मी मामांना निरोप दिला. मंगळवार म्हटल्यावर ते हो म्हणाले. त्यांच्या घरात पंचांग नव्हतं. मी तिथेही बोललो नाही. मनात म्हटलं, मामींना कळेलच.

मंगळवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे खोली झाडली, टेबल पुसलं, दौत भरली, टाक ठेवला. मागच्या खोलीत अम्मांनी गॅलरीच्या कठड्यावर कावळ्यासाठी भात ठेवला. कावळा लगेच आला. अम्मा एवढ्या खूश झाल्या की मला बोलावून दाखवला आणि म्हणाल्या, "नल्ल नाळ." चांगला दिवस, असा त्याचा अर्थ, हे एव्हाना मला समजायला लागलं होतं. समोरच्या चाळीतल्या बाईंनी अवसेच्या दिवशी कावळ्याला घातलेला भात बघितला आणि खिडकी लावून घेतली.

साहेब नवी पगडी घालून बाहेर आले. टेबलाकडे बघून जरा थांबले, मग खुर्चीवर बसले. अकरा वाजले. साडेअकरा. बारा वाजता ते म्हणाले, "जाऊन बघा."

भायखळ्यापर्यंत घोड्यांची ट्राम, पुढे पायी. मामा ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांना ओशाळल्यासारखं झालं, हे मला दिसलं. म्हणाले, "अरे, आज अवस आसा. मामीन सकाळी सांगल्यान. अवसेक सही केली तर पानी येवचा ता पन आटात. त्या भुसाऱ्यान तर दुकानातसून उठाकच नकार दिल्यान. फाल्या येतंय. फाल्या दोन सयो करतंय."

"उद्या उपयोग नाही, मामा. आज पाचला मुदत संपते."

मामांची धाकटी मुलगी विहिरीवरून हंडा घेऊन आली, आम्हाला बघून हसली आणि आत गेली. मामांनी तिच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुका म्हायत होता मा? मगे त्येंका सांगलंस कित्याक नाय?"

मी म्हटलं, "त्यांनी विचारलं नाही."

मी तासभर त्यांच्या विनवण्या केल्या. आता खरंच केल्या, कारण ट्राममध्ये माझा राग केव्हाच उतरला होता. पण मामा तुळईसारखे बसून राहिले. मामी दाराआडून ऐकत होत्या, आणि मामा उठायला लागले असते तरी त्यांनी उठू दिलं नसतं.

तीन वाजता मी परत आलो. साहेबांनी विचारलं, "कारण?"

"अवस, साहेब. आमच्यात चालत नाही."

"आमच्यात चालते," ते म्हणाले. रागानं नाही. एखाद्या साक्षीदाराचं म्हणणं पुन्हा म्हणून बघावं तसं म्हणाले. मग आत जाऊन अम्मांशी बोलले. अम्मा दारात आल्या आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. साहेबांनी भाषांतर केलं, "ती विचारते, मग या लोकांच्या पितरांना त्या दिवशी जेवायला कोण घालतं?"

पाच वाजले. साहेबांनी पगडी काढून खुंटीला लावली आणि कागदाची घडी घातली. त्यांनी कागदाची घडी घातलेली मी तेवढीच पाहिली.

शेटजी बिनविरोध निवडून आले. त्यांना लालबागच्या त्या गल्लीशी काही देणंघेणं नव्हतं. नळ हमरस्त्यावरच राहिला. साहेब पुन्हा कोर्टात जाऊ लागले, मी पुन्हा लिहू लागलो. मला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारलं नाही याचं मला आधी बरं वाटलं, मग वाटेनासं झालं.

दुसऱ्या उन्हाळ्यात गल्लीत पटकी आली. मामांची धाकटी मुलगी, तीच हंडेवाली, दीड दिवसात गेली. तिचं लग्न ठरलं होतं. नळ असता तर ती वाचली असती का, हे मी सांगू शकत नाही. साहेब म्हणाले असते, याला पुरावा म्हणत नाहीत. सोनापूरच्या स्मशानात मी मामांच्या शेजारी उभा होतो. मला त्यांच्याकडे बघवलं नाही. त्या दिवसापासून मी लालबागला जायचं टाळायला लागलो. सणाला बायकोला एकटीला पाठवत असे आणि काम आहे म्हणून सांगत असे. मला माझी लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

तीन वर्षांनी पुन्हा निवडणूक आली. एका सकाळी साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "पंचांग आणा. तुमचं." मी शेजाऱ्याकडून आणलं. ते त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. "दिवस तुम्ही काढा."

"अम्मा?"

"अम्माशी मी बोललो आहे."

अम्मा काही दिवस माझ्यावर रुसल्या. कॉफी देत, पण भांडं जरा आपटून ठेवत. मी शुद्ध पंचमी काढून दिली. मामा आणि भुसारी साडेदहालाच हजर झाले. टेबलावर तीन टाक होते. मामांनी सही केली, टाक पुसून जागेवर ठेवला, आणि माझ्याकडे न बघता उठले.

साहेब निवडून आले. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्याच सभांपैकी एकीत ते त्या गल्लीवर इंग्रजीत बोलले, तेही सदरहू थाटातच बोलले असणार. आठ महिन्यांत लालबागच्या गल्लीत नळ आला. त्यानंतर गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला तेव्हा मोठमोठी माणसं मुंबई सोडून गेली आणि साहेब तिथेच घरोघर फिरले. त्यातूनच पुढे कौन्सिल आणि हार. पण माझ्यापुरती ती गोष्ट नळापाशी संपते.

नळ सुरू व्हायचा दिवसही साहेबांनी माझ्याकडूनच काढून घेतला. गल्ली शेणानं सारवली होती. मामांनी नारळ फोडला, साहेबांनी तोटी फिरवली. आधी नुसती हवा फुसफुसली, मग लालसर पाणी आलं, मग स्वच्छ. बायकांनी हंडे लावले. मामांनी पहिला तांब्या भरून साहेबांना दिला, दुसरा माझ्यापुढे धरला. मी तो हातात घेतला, पण तोंडाला लावता येईना. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी तो तुळशीत ओतला.

परत येताना साहेब आणि मी भायखळ्यापर्यंत चालत आलो. ट्रामला वेळ होता. मी म्हटलं, "साहेब, मागच्या खेपेला अवस आहे हे मला आधीपासून—"

"त्या दिवशी टेबलावर एकच टाक होता," साहेब म्हणाले.

तो मंगळवार माझ्यापुढे उभा राहिला. पुसलेलं टेबल, भरलेली दौत, आणि साहेबांचा टाक. माणसं येणार नाहीत हे माझ्या हातांना माहीत होतं.

"मग मला काढून का टाकलं नाही?"

"सल्ला देऊ नका हे मीच तुम्हाला सांगितलं होतं, चारचौघांत. तुम्ही हुकूम पाळलात." ट्राम येताना दिसत होती. ते पुढे म्हणाले, "माझं नुकसान तीन वर्षांचं. ते मी भरून काढलं. माझ्याकडे तुम्ही माफी मागावी असं काही उरलेलं नाही. ज्यांच्याकडे आहे ते लालबागला राहतात."

ते ट्राममध्ये चढले. मी चढलो नाही.

गल्लीत पोचलो तेव्हा गर्दी पांगली होती. मामा एकटेच नळावर हंडे भरत होते. वास्तविक ते बायकांचं काम, पण त्या घरात आता पाणी भरायला मामी एकट्याच उरल्या होत्या. मी जवळ जाऊन उभा राहिलो. शब्द जुळवून आणले होते, तेवढ्यात सगळे विसरलो.

"मामा, त्या अवसेला तुम्ही विचारलं होतं, मी साहेबांना सांगितलं का नाही म्हणून. मला राग होता त्यांचा. म्हणून नाही सांगितलं. मी सांगितलं असतं तर—"

मामांनी तोटी बंद केली नाही. हंडा भरून वाहायला लागला तरी ते तसेच उभे.

"तू सांगलंस नाय," ते म्हणाले. "पन माका तर त्या मंगळवारी बोलवलेला. मी खंय इलंय?"

मग त्यांनी हंडा बाजूला केला, आणि दुसरा माझ्या हातात दिला.